व्हाळ आणि आम्ही दोघी जावा

आमच्या घराला लागून एक व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो. वरच्या डोंगरातल्या हापूसच्या बागांमधून निघतो, लोकांच्या परसांमागून खाली उतरतो आणि मालवण बंदराच्या आतल्या अंगाला समुद्राला मिळतो. त्याच्या तोंडाशी कातळांची एक रांग आहे. ओहोटी लागली की मी आणि माझी धाकटी जाऊ तिथे कालवं काढायला जायचो. हातात लोखंडी टोचा, कमरेला खोचलेलं पातळ आणि तोंडाची टकळी चालू. कालवं घरापुरतीच मिळायची, पण आम्हा दोघींना मोकळं बोलायला तेवढी एकच जागा होती.

माझे यजमान बोटीवर नोकरीला होते. ते वारले तेव्हा मुलगी नुकतीच लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती. घर मोठं नव्हतं. मधल्या भिंतीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दीर आणि जाऊ. चुली दोन, पण विहीर एक आणि गणपतीही एकच. यजमान गेल्यावर पहिले काही महिने जाऊ रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. तांदूळ निवडायची. मला त्या वेळी तेवढं पुरायचं.

त्याच सुमारास आमच्या भागात पर्यटक येऊ लागले. तारकर्लीला खोल्या झाल्या, मग सगळीकडे झाल्या. दिराने मासेमारीची होडी ठेवलीच, पण परसात चिऱ्यांच्या चार खोल्याही बांधल्या, प्रत्येकीला संडास-मोरी. त्या सगळ्यांचा मिळून एक जाडा पाइप त्याने व्हाळात सोडला. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. व्हाळ कशाला असतो? वाहून न्यायलाच. मासे धुणाऱ्या बायका आतडी त्यातच टाकायच्या, बागवाले खताची रिकामी पोती त्यातच खळबळायचे.

दोन-तीन वर्षांत कातळ बदलले. पाय ठेवला की सुळकन घसरायचा. एकदा जाऊ ओरडली, "बाय, ह्या बग गो काय झालाहा!" सगळ्या कातळावर हिरवंगार, केसांसारखं शेवाळ लोंबत होतं. ते खरवडलं तर खाली अर्धी कालवं नुसती शिंपलीच निघाली, आत काही नाही. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

पुढल्या थंडीत कॉलेजात समुद्राचं शिकवणाऱ्या एक बाई बंदरातलं पाणी तपासायला आल्या. राहायला जागा हवी होती. मी माझी पुढची खोली दिली. साधी बाई, चाळिशीची, एकटीच. महिनाभर राहिल्या. रोज बाटल्या भरून आणायच्या. मी एकदा त्यांना कातळावर घेऊन गेले आणि विचारलं, हे असं का झालं?

त्या म्हणाल्या, "भाताला खत घातलं की भात वाढतो ना? तसंच आहे. संडासाचं पाणी, बागेतलं खत, माशांची घाण, हे सगळं समुद्रातल्या शेवाळाला खतच. ते भराभर वाढतं, मग कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. बंदराच्या आत पाणी लवकर फिरत नाही, म्हणून इथे आधी दिसायला लागलं."

"मग करायचं काय?"

"वरचं खाली येऊ द्यायचं नाही. तिथल्या तिथे जमिनीत मुरवायचं. समुद्रात उतरून काही होणार नाही, व्हाळ धरून वर चालत जायला हवं."

बाई आणि मी खरंच व्हाळ धरून वर गेलो. अगदी वर, बागेच्याही पलीकडे, पाण्याचा तळ दिसत होता. बागेखाली शेणखताचा ढीग थेट काठावर. तिथून खाली पाणी गढूळ होत गेलं. आमच्या परसाशी आलो तेव्हा बाई त्या जाड्या पाइपाशी थांबल्या. मी म्हटलं, "हो, आमचाच आहे."

महिना संपला, बाई गेल्या. जाताना त्यांनी मला शोषखड्डा कसा मारायचा ते नीट समजावून सांगितलं होतं. त्या होत्या तोवर माझ्याशी बोलायला कोणीतरी होतं. त्या गेल्यावर मला जे कळलं होतं ते माझं एकटीचं झालं.

पहिल्यांदा मी माझ्या स्वतःच्या मोरीचं पाणी जमिनीत मुरवून घेतलं. मग एका सकाळी दीर दारापुढच्या खळ्यात जाळं विणत बसला होता तेव्हा त्याच्याजवळ गेले.

"भावजी, तो पाइप व्हाळातसून काढून खड्डो मारूया काय? तुमच्याकडे जागा नसली तर माझ्या परसात मारा."

त्याने मान वर केली नाही. "कोणी सांगल्यानी? त्या बायेन?"

"तेंनी सांगल्यानी, पण माका पण दिसता ना."

"वयनी, ती बाई तुझ्या घरात ऱ्हवली तेवाच माका कळला. आज पाइप काढा म्हणतली, उद्या जाळी घालू नको म्हणतली. अभयारण्याचा नाव सांगून तेंका आमका समुद्रातसून भायर काढूचा आसा. नि तू घरचा माणूस आसून तेंच्या बाजून बोलतंस?"

त्याची भीती खोटी नव्हती. समुद्रातलं सरकारी अभयारण्य म्हटलं की आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांच्याच कपाळाला आठ्या पडत. कुठे मासेमारी करायची आणि कुठे नाही हे दुसरं कोणीतरी ठरवणार, ही धास्ती घराघरांत होती.

"मी कोणाच्याच बाजून नाय, भावजी. मी पाण्याबद्दल बोलतंय."

तेव्हा त्याने जाळं खाली ठेवलं. "दादा आज आसतो तर तू ह्या बोललंच नसतंस."

मी घरात आले. दाराला कडी लावली आणि कितीतरी वेळ चुलीपुढे बसून राहिले. चूल पेटवली नाही.

त्या दिवसापासून जाऊ यायची बंद झाली. विहिरीवर भेटली तर कळशी भरून निघून जायची. चतुर्थीला आम्ही दोघी मिळून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायचो. ती सारण भरायची, मी कडा कातायचे. त्या वर्षी त्या तिने एकटीने केल्या. मी आरतीला गेले, मागे उभी राहिले. कोणी जा म्हणालं नाही, बस असंही म्हणालं नाही. दुपारी माझ्या पायरीवर केळीच्या पानाने झाकलेलं ताट ठेवलेलं दिसलं. पाच नेवऱ्या, भात, आमटी, काळ्या वाटाण्यांची उसळ. ताट उचलून आत नेलं आणि एकटीने जेवले. पलीकडे पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं. मधली भिंत तशी पातळच.

वाडीतही बातमी पसरली. मासेवाल्या बायका मला पाहून आवाज खाली करत. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, तू कशाला भानगडीत पडतेस? इकडे ये." दोनदा जाऊन आले. तिथे तिच्या घरात मी आणखीच एकटी पडायचे, म्हणून परत यायचे.

वरच्या बागेच्या मालकाकडे जायला मी फार दिवस घाबरत होते. मुंबईची नोकरी संपवून आलेले गृहस्थ, कोणाशी फारसे बोलत नसत. शेवटी एका दुपारी चढून गेले. वाटलं होतं, दारातूनच हाकलतील. त्यांनी खुर्ची पुसून दिली, कोकम सरबत केलं, ग्लास हातात देताना म्हणाले, "माझ्याकडे कोणी येत नाही, त्यामुळे साखर कमी-जास्त झाली असेल."

मी सगळं सांगितलं. खताचा ढीग, पाऊस, कातळ, कालवं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी पैसे देऊन खत आणतो आणि तुमच्या समुद्राला घालतो?"

"थोडं तसंच."

ते हसले. त्या वर्षी त्यांनी ढीग काठावरून उचलून चिऱ्यांच्या भिंतीआड नेला, वर झावळ्यांचं छप्पर घातलं. पाऊस मुसळधार असताना खत घालायचं बंद केलं आणि व्हाळाच्या कडेला वाहती माती अडवायला वाळ्याचं गवत लावलं. मी अधूनमधून वर जायचे. आम्ही फार काही बोलायचो नाही. दोन माणसं एका पडवीत बसली आहेत, एवढंच.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीस जावेला कावीळ झाली. डॉक्टरांनी कारण काही सांगितलं नाही, विहिरीचं पाणी उकळून प्या एवढं बजावलं. आमची विहीर त्या पाइपापासून लांब नाही. मी मऊ पेज केली आणि पलीकडे घेऊन गेले. दारात दीर उभा होता. माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

जाऊ खाटेवर होती, डोळे हळदीसारखे पिवळे. तिने माझा हात धरला. "बाय, माका तुझ्याकडे येऊचा होता. हेंनी नको म्हटल्यानी."

"म्हायत आसा गो."

"रागावलंस नाय मा?"

"नाय," मी म्हटलं. ते खरं नव्हतं. राग होता, आणि तो तिच्यावरच जास्त होता. पण पेज निवत होती, म्हणून मी चमचा उचलला.

ती बरी व्हायला दिवाळी उलटली. एके सकाळी परसात कुदळीचे आवाज आले. पाहिलं तर दोन गडी आणि दीर खड्डा खणत होते, बाजूला चिरे रचलेले. एक झाला, मग शेजारी दुसरा. पाइप व्हाळातून वर काढून खड्ड्यात वळवला.

व्हाळाचं पाणी लगेच निवळलं असं नाही. बाजाराकडचं गटार अजून तसंच बंदरात येतं. पण दोन पावसाळे गेल्यावर शेवाळ विरळ झालं, कातळाचा काळा रंग दिसू लागला. जाऊ आणि मी पुन्हा एक-दोनदा कालवांना गेलो. गप्पा मात्र पूर्वीसारख्या होईनात. दोघीही शब्द तोलून बोलायचो. मग मुंबईला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाला मूल झालं आणि ते सांभाळायला ती गेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली ती तिकडचीच झाली.

आता भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे दीर. मागच्या महिन्यात तो पहिल्यांदाच आपणहून माझ्या पायरीशी आला. व्हाळाच्या त्या बाजूला एक दुमजली लॉज बांधायला घेतलं आहे.

"वयनी, तेंनी पाइप खंय सोडल्यानी बगलंस? थेट व्हाळात."

"बगलंय."

"तू सांग तेंका. तुका जमता ता."

"तुमी येतास?"

"मी कसो येव? माझे तेंच्याशी धंद्याचे संबंद आसत."

मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि व्हाळावरचा साकव ओलांडून त्या लॉजकडे निघाले.