अकरापैकी चार

माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. आज ती तिथले डेटाबेस सांभाळते. मधल्या चौतीस वर्षांत तिचं पद पाच वेळा बदललं, टेबल सात वेळा, पण तिथे तिला अजून बाटलीताईच म्हणतात. एका नव्या कारकुनाला ते बरं वाटेना म्हणून तो तिला मॅडम म्हणू लागला. पहिल्या हाकेला आत्याने मागे वळून, दारात कोण आलंय ते पाहिलं.

बाटल्यांनंतर ती चिकटपट्ट्या लावू लागली, मग वहीत नोंदी करू लागली. चाळिसाव्या वर्षी तिने संगणकाचा संध्याकाळचा वर्ग लावला. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, तेव्हा म्हणाले होते, "ताई, या वयात लोक चष्मा लावतात, वर्ग नाही."

"दोन्ही लावलंय," ती म्हणाली होती.

प्रयोगशाळेतल्या वह्या बंद करायला तिनेच लावल्या. तिथे कुणाचे हात कधी पूर्ण कोरडे नसतात. ओल्या बोटांखाली आकडे पसरायचे, पानं फुगायची, आणि एखाद्या नळाचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे वाचायला भिंग लागायचं. तिने तीन वर्षं हा हेका धरला. शेवटी शहराच्या अकरा विभागांचे अकरा डेटाबेस झाले आणि वह्या माळ्यावर गेल्या.

हे डेटाबेस प्रयोगशाळेत नाहीत. दूर कुठल्याशा इमारतीतल्या यंत्रांवर ते भाड्याने ठेवलेले आहेत. त्याला क्लाउड म्हणतात. ती इमारत आत्याने पाहिलेली नाही, पाहायची इच्छाही नाही. पोर्टल नावाचं एक पान उघडलं की अकरा विभागांची नावं एकाखाली एक दिसतात, आणि प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. ठिपके मोजायचे आणि मग डबा कपाटात ठेवायचा, अशी तिची सकाळ.

त्या गुरुवारी ठिपके तिच्याआधी नव्या साहेबांनी मोजले. चार भरले.

मी तेव्हा शिकायला आत्याकडे राहत होते. दहाच्या सुमारास घरचा फोन वाजला. "अगं, माझा मोबाइल आण. स्वयंपाकघराच्या खिडकीत असेल. पोर्टलमध्ये शिरायला आकडा त्याच्यावर येतो. धावत ये. पण रस्ता बघून ओलांड."

मी पोचले तेव्हा लांबलचक टेबलावर त्या दिवशी तोवर आलेल्या अडतीस बाटल्या नोंदीसाठी उभ्या होत्या आणि कुणी त्यांना हात लावत नव्हतं. साहेबांचा तसा हुकूम होता. हे साहेब पस्तिशीचे, तीन महिन्यांपूर्वी आलेले. जुने साहेब मंगळवारी निवृत्त झाले आणि खुर्ची यांच्याकडे आली. खुर्चीवर ते अजून काठावरच बसत.

"ताई, काल संध्याकाळी तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळी? भाजी निवडली."

"पोर्टलवर, ताई."

"पोर्टलवर काही नाही केलं."

"मग सात विभाग गेले कुठे? आणि राहिलेत ते चार नेमके तुम्ही जोडलेले. मी काही म्हणत नाहीये."

"म्हणालात की," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता भिंगबाई बोलल्या. पाण्यातले जंतू मोजणं हे त्यांचं काम, आणि वीस वर्षं त्या आत्याच्या शेजारी बसतात.

टेबलावर साहेबांचा फोन स्पीकरवर उघडा होता. पलीकडे पोर्टल चालवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर होता. "साहेब, पोर्टलवर नसेल तर आमच्या लेखी ते नाही," तो म्हणाला. "रविवारची प्रत आमच्याकडे आहे. तुमच्या विनंतीप्रमाणे एक वाजता ती जागेवर चढवतो. अकराच्या अकरा परत दिसतील."

"आणि रविवारनंतरचं?" आत्याने विचारलं.

"त्याच्यावरच ही प्रत बसणार ना, मॅडम. ते जाईल."

सोमवार, मंगळवार, बुधवार. त्या सात विभागांच्या चारशेहून जास्त बाटल्या. त्यांचं पाणी केव्हाच मोरीतून गेलं होतं. जंतू वाढवायच्या काचेच्या तबकड्या मोजून झाल्या की वाफेत घालून नष्ट करतात, त्याही गेल्या होत्या. उरले होते ते फक्त आकडे. त्यांतले कालव्याकाठच्या वस्तीचे वाईट आले होते, म्हणून तिथे रोज नव्याने तपासणी चालू होती. तीन दिवसांचा धागा तुटला असता तर ते पाणी सुधारतंय की बिघडतंय हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"वह्या असत्या तर निदान..." साहेबांनी वाक्य अर्धं सोडलं. वह्या कुणी बंद करायला लावल्या हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने मोबाइलवरचा आकडा टाकला, पोर्टल उघडलं, चार ठिपके पाहिले. मग उठून टेबलाशी गेली आणि कालव्याकाठची एक बाटली उचलून आणली.

"हात लावू नका ताई, आणखी बिघडेल."

"साहेब, यादीत नाव नाही म्हणून बाटली हरवली म्हणत नाहीत. कपाटात हात घालून बघतात. एकच नोंद करते."

"एकच. आणि तुमच्या जबाबदारीवर."

"आजवर कुणाच्या होती?" हे ती अगदी हळू बोलली, पण भिंगबाईंना हसू आलं.

पोर्टल बाजूला ठेवून आत्याने नोंदीचा रोजचा पडदा उघडला. बाटलीचा क्रमांक, नळाची जागा, वेळ. बटण दाबलं. पडद्याने काही कुरकुर केली नाही. "बघा हो तुमच्या संगणकावर," तिने भिंगबाईंना सांगितलं. "कालव्याकाठ. आजची पहिली बाटली दिसते का?"

"दिसते. कालच्या तेवीसही दिसतात. परवाच्यासुद्धा. सगळं जागच्या जागी आहे की!"

साहेब धावत जाऊन भिंगबाईंच्या खांद्यावरून वाकले. फोनमधला आवाज म्हणाला, "तुमच्या संगणकात साठलेली जुनी प्रत असेल ती."

"आत्ता लिहिलेली बाटली जुन्या प्रतीत कशी येईल रे?" आत्या म्हणाली. "आणि तीही दुसऱ्याच्या संगणकावर?"

पलीकडे कळा वाजल्या. "मॅडम, मला पोर्टलवर दिसलं तरच काम थांबवता येतं. नाहीतर साहेबांनी विनंती मागे घ्यावी."

साहेबांनी मागे घेतली नाही. "मी थांबवलं आणि संध्याकाळी कळलं की खरंच गेलेत, तर?" ते कुणालाच उद्देशून बोलत नव्हते. खुर्चीवर बसून त्यांना जेमतेम दीड दिवस झाला होता. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा राग मला तिथे उतरताना दिसला.

"म्हणजे पोर्टल खोटं बोलतंय?" त्यांनी विचारलं.

"खोटं नाही बोलत, साहेब. त्याला दिसत नाहीये. का दिसत नाही ते शोधू."

सकाळपासून सगळे गेलेल्या सातांची यादी घेऊन बसले होते. नावं, आकार, शेवटची नोंद, सगळं तपासून झालं होतं. आत्याने ती यादी पालथी घातली आणि राहिलेल्या चार नावांकडे बघत बसली. चिकटपट्टीच्या एका कोऱ्या तुकड्यावर तिने ती चार नावं पेन्सिलीने लिहिली. मग ती म्हणाली, "साहेब, मघाशी तुम्ही बोललात ते बरोबर होतं. राहिलेले चार माझेच आहेत."

साहेब दचकले. त्यांना वाटलं ही कबुली आहे.

"म्हणजे गेलेले सात जुन्या साहेबांचे," आत्याने वाक्य पुरं केलं आणि मोबाइल उचलला.

जुने साहेब पहिल्याच घंटीला बोलले. "बोला बाटलीताई! दोनच दिवसांत आठवण? आमची ही म्हणत होती, आठवडा तरी काढतील."

"साहेब, पोर्टलला ते सात विभाग कुणाच्या नावाने जोडले होतेत?"

"माझ्याच. आणखी कुणाच्या? तेव्हा हे काम कळणारे आपण दोघंच होतो. सात मी जोडले, चार तुम्ही."

"आणि तुमचं खातं?"

"ते मंगळवारी निरोपाच्या वेळी गेलं की. फुलं दिली, ॲप्रन घेतला, किल्ली घेतली, खातं बंद केलं. नव्या साहेबांनी माझ्यासमोर बटण दाबलं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या!"

तिचा मोबाइलही स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं. पोर्टल स्वतः काही साठवत नाही. कुणाच्या तरी परवानगीने ते प्रत्येक डेटाबेसकडे बघतं आणि ठिपका लावतं. सात विभागांकडे ते जुन्या साहेबांच्या परवानगीने बघत होतं. खातं मंगळवारी बंद झालं, पण एकदा मिळालेली परवानगी आणखी एक दिवस चालते. म्हणून बुधवारी सगळं ठीक दिसलं आणि त्या रात्री पोर्टलचे डोळे मिटले. डेटाबेस होते तिथेच होते, बाटल्यांचे आकडे घेत होते.

साहेबांचा चेहरा उतरला. "मी नियमानेच..."

"नियम बरोबरच आहे," आत्या म्हणाली. "गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवू नये. चुकलं आमचं. प्रयोगशाळेचं काम आम्ही माणसाच्या नावाने जोडून ठेवलं." भिंगबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. आत्याने एकदाच तिकडे पाहिलं आणि ते मिटलं.

बारा वीस. साहेब उत्साहाने म्हणाले, "मग त्यांचं खातं परत उघडतो. दोन मिनिटांचं काम."

"नको. ते गेलेत, त्यांना जाऊ दे. प्रयोगशाळेच्या नावाने नवं खातं काढू. त्याला फक्त बघायची परवानगी देऊ, बदलायची नाही. एकेक विभाग त्याच्याशी जोडू. मी जोडते, तुम्ही मंजुरी द्या."

"सात विभाग, चाळीस मिनिटांत?"

"मी तासाला दोनशे बाटल्या धुतल्यात, साहेब."

दोघं शेजारी शेजारी बसले. आत्या विभागाचं नाव घेई, परवानगी लिही, साहेब आपल्या संगणकावर मंजुरीचं बटण दाबत. सुरुवातीला साहेब प्रत्येक ओळ दोनदा वाचत होते. तिसऱ्या विभागापासून ते एकदाच वाचू लागले. पाचव्याला त्यांनी तिची एक चूक पकडली, तिने परवानगी शेजारच्या विभागाला दिली होती. "शाब्बास," ती म्हणाली, जणू तेच तिच्या हाताखाली होते, आणि साहेब चक्क खूश झाले.

बारा बावन्नला सातवा जोडून झाला. पोर्टलवर अजून चारच ठिपके.

"येतील," आत्या म्हणाली. तिचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

पाचवा ठिपका आला. मग सहावा आणि सातवा एकदम. भिंगबाई सूक्ष्मदर्शक सोडून येऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने मोजू लागल्या. आठ. नऊ. बारा अठ्ठावन्नला कालव्याकाठ आला, दहावा. साहेबांनी फोन तोंडाशी धरला होता. "थांबा हो, चढवू नका! दहा झालेत!"

"मलाही दहाच दिसतायत, साहेब."

"अकरावा वाटेत आहे!"

"वाटेत म्हणजे?"

"म्हणजे आला!" भिंगबाई ओरडल्या. "गिरणीमागचा आला! अकरा!"

फोनमधून कळांचा खडखडाट ऐकू आला. "हो, अकरा. काम रद्द केलं, साहेब. आणि मॅडम, जोडणी कुणाच्या नावाने होती हे आधी तपासायचं, हे मी आमच्याकडे लिहून ठेवतो."

"लिही. कोरड्या हातांनी लिही," आत्या म्हणाली, आणि मग इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दोन खोल्यांपलीकडची माणसंसुद्धा दारात जमली होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेब उभे राहिले, आणि सकाळी ज्या आवाजात विचारलं होतं त्याच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, सकाळी मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलो."

"बरं झालं घेतलात. माझे चार राहिलेत हे तुम्हीच दाखवलंत ना."

लोक पांगले. अडतीस बाटल्यांतल्या सदतीस अजून उभ्या होत्या, भिंगबाई त्या ओढून घेऊ लागल्या. आत्या मात्र जागची हलली नाही. तिने पुन्हा बोटं कळांवर ठेवली.

"आता काय?" साहेबांनी विचारलं.

"माझे चार राहिले की. तेही प्रयोगशाळेच्या नावाने करते."

"त्यांना काय झालंय? ते तर व्यवस्थित आहेत."

"पाच वर्षांनी होईल. मला फुलं द्याल ना, त्या दिवशी."

साहेब मंजुरीच्या बटणाशी जाऊन बसले. आत्याने चारही विभागांवरून आपलं नाव काढून प्रयोगशाळेचं घातलं. पोर्टलवरचे तिचे चार ठिपके एकेक करून विझले. साहेब खुर्चीवरून अर्धे उठले.

"बसा हो, साहेब," ती म्हणाली. "चहा सांगा. तो येईपर्यंत येतील."

चहा यायच्या आधीच आले.