चौदा पिवळ्या फिती

तुम्हीच सांगा, झाडाला कात्री लावण्याआधी पातं पुसणं हा आळशीपणा झाला का? आमच्या मुकादमाच्या मते झाला. डस्टिन त्याचं नाव, वय सव्वीस, मालकाचा भाचा. एवढीच त्याची लायकी.

आणि आळशी कोणाला म्हणाला, तर फिदेन्सियोला! एकोणिसाव्या वर्षी मेक्सिकोतल्या मिचोआकानहून इथं अमेरिकेत, याकिमाला आलेला माणूस. बावीस वर्षं पेअरच्या, म्हणजे नासपतीच्या, बागांत छाटणी केली, गुडघे गेले तेव्हा आमच्याबरोबर लोकांच्या अंगणातल्या कामाला लागला, त्यालाही चौदा वर्षं झाली. वयानं मोठा, म्हणून आम्ही सगळे त्याला तिओ म्हणतो, काका म्हणावं तसं. कमरेला चामड्याचं म्यान, त्यात लाल मुठीची कात्री. पाती चारदा बदलली, मूठ तीच. अंगठ्याखाली रंग पार उडालाय. रोज सकाळी ट्रकमध्ये बसल्या बसल्या दगडावर धार लावणार आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या फडक्यानं दोन्ही पाती पुसणार. तरुणपणी एकदाच घाई केली होती त्यानं. रोगट झाडावरची कात्री तशीच निरोगी झाडाला लावली, करपा पसरला आणि बागवाल्यानं तीनशे झाडं ट्रॅक्टरनं उपटून जाळली. "तो धूर अजून नाकात आहे गं, चायो," असं तो मला सांगतो.

मे महिन्यात आम्ही निवृत्त लोकांच्या एका नेहमीच्या कॉलनीत गेलो. रस्त्याच्या कडेची बावन्न शोभेची पेअरची झाडं छाटायची होती. फाटकाजवळच्या दोन झाडांची फुलं काळी पडलेली. तिओ म्हणाला, "ही दोन सगळ्यात शेवटी घेऊ. आणि बाकीची पुसून पुसून."

"हा काय दवाखाना आहे?" डस्टिन खेकसला. तिओच्या हातातली स्पिरिटची बाटली ओढून त्यानं ट्रकमध्ये भिरकावली आणि मित्राला घेऊन, बॅटरीवरच्या नव्या कोऱ्या कात्र्यांनी, त्याच दोन झाडांपासून सुरुवात केली! एक झालं की दुसरं, पुसणं नाही की बघणं नाही. वर कळस म्हणजे, म्हातारा किती हळू आहे ते मामाला दाखवायचं म्हणून तिओच्या प्रत्येक झाडाला डस्टिननं स्वतःच्या हातानं पिवळी फीत बांधली. संध्याकाळी मोजल्या तर चौदा. "बावन्नात चौदा! यापेक्षा कासव बरं," म्हणाला. मी तोडलेल्या फांद्या गोळा करत होते, तळपायाची आग मस्तकात गेली. टॉर्टियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, डब्याखाली तिओची दुसरी बाटली होती. ती दिवसभरात रिकामी झाली होती.

तीन आठवड्यांनी कॉलनीचा कारभार बघणाऱ्या लिंडहोम बाईंनी बोलावलं. शेंडे आकड्यासारखे वाकलेले, पानं जाळल्यासारखी काळी.

"ह्याच्या त्या जुनाट कात्रीनं रोग आणला," डस्टिन तोंड वर करून म्हणाला. "आमच्या कात्र्या नव्या आहेत."

"मग ह्या माणसाला पुन्हा आणू नका," बाई म्हणाल्या.

"सोमवारपासून येऊ नकोस, म्हाताऱ्या," डस्टिन तिओला म्हणाला.

झालं! छत्तीस वर्षं झाडं जगवली, त्याच्यावर खापर फोडून मोकळे. आमच्या गावात एकदा झाडं मारणारा म्हणून नाव झालं की कोण दारात उभं करतं? आणि तिओनं काय करावं? म्यानातून कात्री काढली आणि पातं उन्हात धरून बघायला लागला. पुन्हा आपल्याच हातून झालं की काय, ही शंका त्याच्या तोंडावर दिसली मला. तिथं माझा तोल गेला.

"बाई, फिती बघा!" मी ओरडले. "पिवळी फीत म्हणजे तिओचं झाड. ह्यानंच बांधल्यात, विचारा ह्याला!"

बाई एकट्याच रस्ताभर चालत गेल्या, बोटानं मोजत. फितीची चौदाच्या चौदा झाडं हिरवीगार होती. बाकीच्या अडतिसांतली तीसेक काळवंडलेली.

परत येऊन त्यांनी मला विचारलं, "ह्यांचं नाव काय?" सहा वर्षं हा माणूस त्यांचे गुलाब छाटतोय! मी सांगितलं. "मिस्टर फिदेन्सियोच येत राहतील," बाई म्हणाल्या. माफीचं कोणी नाव काढलं नाही.

आणि डस्टिनला काय सुचावं? कमरेची कात्री काढून पहिल्या झाडाची फीत कापायला निघाला. तीच न पुसलेली, बॅटरीवरची कात्री. पातं सालीला टेकणार, एवढ्यात तिओनं त्याचं मनगट धरलं. सकाळपासून पहिल्यांदा बोलला.

"आधी पूस."

आणि दुसऱ्या हातानं स्पिरिटची बाटली पुढं केली.

डस्टिननं बाईंकडे पाहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"हा दवाखानाच आहे, बाळा," मी म्हणाले. "दोन्ही पाती."

पुसली त्यानं. दोन्ही.