पाणी लागलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर सगळी नोकरी काढली त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

मी चिक्कडपल्लीचा. वडील जामबागच्या शाळेत मास्तर. घरात मराठी, गल्लीत तेलुगू. भूगर्भशास्त्र शिकलो आणि एका सरकारी संस्थेत लागलो. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन हजारो वर्षं जहाल राहतं. ते धातूच्या जाड पिंपांत भरायचं, भोवती माती ठासायची आणि खोल ग्रॅनाइटमध्ये कायमचं पुरायचं — त्याचं तंत्र आम्ही तयार करत होतो. माझ्याकडे ती माती होती. ओल लागली की फुगणारी, बारीकशी फटही बुजवणारी. कारण या कामात वैरी एकच — पाणी. ते पिंपापर्यंत पोचलं, की विष घेऊन वर येणार.

खडक तपासायला आम्ही शहरापासून लांब, माळावरच्या एका वस्तीजवळ खोल बोअर घेतला. तिथे पुरायचं काही नव्हतं, नुसता अभ्यास होता. पण लोकांना सांगायचं काय? साहेब म्हणाले, "तुम्हाला तेलुगू येतं. काहीतरी सांगा, घाबरवू नका."

काहीतरी. नेमका शब्द त्यांनी दिला नव्हता. तो माझा.

जमीन लक्ष्मम्माची होती. नवरा गेलेला, एक मुलगा. तिनं विचारलं, "काय शोधता, सारू?" मी म्हणालो, "नीळ्ळु, अम्मा." पाणी.

त्या दिवसापासून जोंधळ्याची भाकरी आणि अंबाडीची चटणी आम्हाला तिच्या घरून येऊ लागली. एकदा ती स्वतःच घेऊन आली. पंचायतीचा बोअर यंदा त्यांच्या वस्तीला मिळायचा होता. तिनं पुढे होऊन पंचायतीला सांगितलं होतं, आमच्याकडे सरकारचं मशीन आलंय, तुमचा त्या पलीकडच्या वस्तीला द्या. हे तिनं मला केवढ्या कौतुकानं सांगितलं! तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? माझ्या हातात तिचीच भाकरी होती. मी खात राहिलो.

आणि मग — पाणी लागलं. खरंच लागलं. खडकातल्या भेगेतून, भरपूर. मी चाखून पाहिलं, गोड होतं. आमच्या तंबूत सगळ्यांचे चेहरे उतरले, जागा बाद. वस्तीला पत्ता लागला नाही. मशीन थंड ठेवायला आम्ही टँकरचं पाणी सोडायचो, त्यामुळे बोअरच्या तोंडाशी रोजच चिखल असायचा.

साहेबांनी विचारलं, आता हे भोक कशानं बंद करायचं? मी म्हणालो, माझ्या मातीनं करू, चाचणीही होईल. हुकूम नव्हता कुणाचा. एक पाइप आणि पंप बसवून ते तिला देता आलं असतं, आणि हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर — पण सुचलं होतं. आम्ही माती ठासली, वरून सिमेंट ओतलं. थेंब वर आला नाही. त्या कामानं माझं नाव झालं. निघताना लक्ष्मम्माच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मी जीप मागच्या वाटेनं काढायला लावली.

नोकरी होती, काय करणार — इथवर कुणी असं म्हणेल. म्हणू द्या. पण सांगायचं ते पुढेच आहे.

निवृत्त झाल्यावर नारायणगुड्यात फ्लॅट घेतला. राहायला गेलो त्याच आठवड्यात जिना पुसणाऱ्या म्हातारीनं मान वर केली आणि हसली. "नीळ्ळु सारू!" लक्ष्मम्मा. मुलगा खाली वॉचमन. पाण्यावाचून वस्ती उठली होती, एकेक घर शहरात आलेलं. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं का?

मग तिनं विचारलं, "पोरगा म्हणतो परत जाऊ, तिथेच बोअर मारू. भाऊबंद म्हणतात विकून टाक. तुम्ही जमिनीच्या आत बघितलंय. नीळ्ळु पड्डाया, सारू?"

पाणी लागलं होतं का?

आता वर साहेब नव्हते. नोकरी नव्हती. जपायचं गुपितही उरलं नव्हतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो'च्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता — मग बुजवलंत का?

"लेदु, अम्मा," मी म्हणालो. नाही. "कोरडा दगड होता."

ती माझीच समजूत घालू लागली. "तुम्ही तरी काय करणार? आत नसलं तर कुठून आणणार?"

त्यांनी जमीन विकली.

मागच्या उन्हाळ्यात त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. घेणाऱ्यानं थोडं पलीकडे बोअर मारलाय. मोसंबीची बाग आहे — दाट, रस्त्यावरूनसुद्धा दिसते. बायको म्हणाली, किती छान, थांबू या का? मी म्हटलं, उशीर होईल.

लक्ष्मम्मा अजून आमचाच जिना पुसते. गुडघे गेलेत तिचे. मी उतरताना दिसलो की बादली ओढून भिंतीला लावते आणि मला वाट देते.

मी जातो.