जनूच्या भरतीचं पान

दुपार झाली की अनिताला आईच्या फोनची सवय. ठमाबाई मिठागराच्या बांधावर भाकरी सोडायला बसली की पेणला लेकीला फोन लावायची. "जेवलीस का गो?" बस, एवढंच. पण तेवढ्यावर अनिताचा दिवस निभायचा. अन् गेला आठवडाभर तो फोनच नाही! उलटा लावावा तर बंद. म्हातारी रागावली की काय? अनिताचा जीव थाऱ्यावर राहीना. हातातलं काम टाकून तिनं स्कूटर काढली.

रस्ताभर बाबाच आठवत होते. बाबा, म्हणजे गावाचा जनू, होता तोवर अख्खं गाव भरतीची वेळ त्यालाच विचारायचं. तो बोटांवर तिथी मोजायचा, खाडीकडे बघायचा नि हाळी द्यायचा, "पाणी चढलं रे, मिठागरात घ्या!" छोटी अनिता त्याच्या खांद्यावर, समोर उन्हात मीठ चमकतंय. काय दिवस होते ते!

तो गेला, तेव्हा वेबसाइट बनवणाऱ्या लेकीनं गावासाठी भरती-ओहोटीचं एक साधं पान बनवलं. गेल्या आठवड्यात वर्षश्राद्धाला ते नटवलं. उघडलं की आधी लाटा, मग बाबांचा व्हिडिओ, तीच हाळी. गावाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई बांधावरच भेटली, ठणठणीत.

"आये, फोन का नाय करत?"

ठमाबाईनं फोन पुढं केला. मेलेला, वर तापलेला. "सकाळी तुझं पान उघडते. तुझा बा बोलतो. परत उघडते, परत बोलतो. मंग दुपारला चार्जिंग कुठनं उरंल? हितं बांधावर काय वीज हाय?"

अनिता चरकली. प्रत्येक वेळी तो अख्खा व्हिडिओ कुठल्याशा लांबच्या यंत्रातून ओढला जायचा. तिकडं वीज जळायची, इकडं फोन. अन् नुसती भरतीची वेळ बघणाऱ्या प्रत्येक होडीवाल्याचंही तेच. बाईसाहेबांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! रोजचा धंदाच तो. पण बाबांच्या मायेपुढं डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. आणि लेक कुणाची? नुसत्या उन्हावर मीठ पिकवणाऱ्यांची!

"आये, बाबांचा व्हिडिओ पानावरनं काढावा लागंल," ती कसंबसं म्हणाली. "तुझ्या फोनात वेगळा ठेवून देते."

ठमाबाईनं फोन कमरेला खोचला.

"नको. मी दिसभर त्योच बघत बसंन. त्याचं बोलणं मना पाठ हाय गो. तुझं रोज नवीन असतं."

अनितानं तोंड फिरवून डोळे पुसले. घरी येऊन तिनं लाटा काढल्या, व्हिडिओ काढला. उरल्या नुसत्या भरती-ओहोटीच्या वेळा, मोठ्या अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"जेवलीस का गो?"

"नाय आये. तुझ्या फोनसाठीच थांबले होते."