बोजा उतरेपर्यंत

आमच्या थोरल्या साडूंनी बँकेचा जेवढा अपमान केला, तेवढा अख्ख्या सांगली जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. लोक कर्ज बुडवतात, पण तो काही अपमान नव्हे. त्याची बँकांना सवय असते. साडूंचं तसं नव्हतं. वीस वर्षांच्या मुदतीनं दिलेलं घराचं कर्ज हा माणूस पहिल्या महिन्यापासून परत करायला निघाला, शेजारणीची ताटली घरात राहून गेली असावी इतक्या घाईनं. हप्ता पेन्शनमधून आपोआप कापला जायचा. तरी महिन्याच्या दहा तारखेला उरलेसुरले पैसे रुमालात बांधून साडू खिडकीवर हजर, आणि स्लिपवर मोठ्या अक्षरात ‘फक्त मुद्दलात’. एकदा एका नव्या साहेबानं ती रक्कम पुढच्या हप्त्यापोटी जमा करून टाकली. साडू खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. साहेब म्हणाला, “काका, पैसे तुमच्याच नावावर आहेत, कुठं जातायत?” साडू म्हणाले, “जात न्हाईत, त्येच तर दुखणं हाय. मुद्दल हाय तितकंच ऱ्हायलं की.” जेवणाची सुट्टी झाली तसा त्यांनी तिथंच डबा उघडला आणि साहेबालाही अर्धी भाकरी पुढं केली. दुपारी तीन वाजता मुद्दल कमी झालं.

साडू मूळचे आष्ट्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि भावांच्या उसात वाटा मागत बसण्यापेक्षा बरं म्हणून सांगलीत हळदीच्या एका गोदामावर सुरक्षेचं काम धरून राहिले. शहराच्या कडेला तीन खोल्यांचं घर बांधलं, तेच हे कर्जाचं. मी इथल्याच एका शाळेत कारकून. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही एकमेकांना पाव्हणं म्हणतो आणि बाकी कुठल्याच बाबतीत आमचं जुळत नाही. मी महिनाअखेरीला उसने मागणाऱ्यांपैकी. ते महिनाअखेरीला दहा तारखेची वाट बघणाऱ्यांपैकी.

त्यांच्या काटकसरीला कंजूषपणा म्हणणं बरोबर होणार नाही, कारण कंजूष माणूस लपूनछपून करतो आणि साडू सगळं कवायतीसारखं उघड्यावर करायचे. कृष्णेच्या पुलावरून उतार लागला की ते गाडी बंद करून खाली येत. एकदा वाहतूक पोलिसानं अडवलं आणि विचारलं, “बंद पडली काय गाडी?” साडू म्हणाले, “न्हाई, उतार हाय.” त्याला बहुधा हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो ते आठवलं नाही, त्यानं सोडून दिलं. गुळाच्या बाजारातून ते फुटक्या ढेपांचा गूळ आणायचे आणि चहात तोच पडायचा. गच्चीवर सूर्यचूल होती. सकाळी तिच्यात डाळ ठेवायची, दुपारी काढायची. त्यामुळं त्यांच्या घरचं जेवण हवामानावर अवलंबून असे. श्रावणात मी एकदा दुपारचा गेलो तर अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणी, दारातच म्हणाल्या, “आज आभाळ हाय, आमटी न्हाई.” मला वाटलं तक्रार करतील, पण त्या हसत होत्या. नवऱ्याच्या या खेळात त्या कधी सामील झाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आमच्याकडं लग्नात पाहुण्यांना मानाची टोपी-टॉवेल देतात. साडूंनी नऊ वर्षांत टॉवेल विकत घेतला नाही. मानात आलेल्या टोप्या-टॉवेलांतले वापरून उरलेले ते घडी मोडू न देता पेटीत ठेवत आणि पुढच्या लग्नात तेच मानानं देत. कुणाचं कुणाकडं जातंय यावर त्यांची करडी नजर असे, पण एकदा चुकलेच. आष्ट्याच्या एका सोयऱ्याची टोपी त्याच सोयऱ्याच्या डोक्यावर गेली. त्यानं ती काढून आत उमटलेलं शाईचं निळं बोट बघितलं आणि म्हणाला, “ही टोपी मी वळखतो.” चारचौघांत दुसऱ्या कुणी मान खाली घातली असती. साडू म्हणाले, “वळखणारच की. तुमची हाय. चार वर्षं लय जपली.”

एवढं सगळं ठीक होतं. पण त्यांनी घराची वास्तुशांत केली नव्हती. राहायला आले तेव्हा चुलीवर दूध उतू घातलं आणि संपलं. विचारलं की म्हणत, “घराच्या उताऱ्यावर बँकेचं नाव हाय, पाव्हणं. तो बोजा उतरू दे. आत्ता पूजा घातली तर पुण्य बँकेला जायाचं.” गावातले लोक म्हणत की तीनशे पानं उठवायला लागतील म्हणून हा माणूस टाळतोय. मीही त्या लोकांत होतो, आणि चांगला मोठ्यानं होतो.

याचा त्रास झाला तो आमच्या सासूबाईंना. त्या औंधला, मुलाकडं असतात. वास्तुशांत न झालेल्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि तिथलं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. लेकीसाठीही तो मोडायला त्या तयार नव्हत्या. डोळे दाखवायला सांगलीला आल्या की उतरत आमच्याकडं, आणि संध्याकाळी रिक्षानं अक्कांच्या दारापर्यंत जात. फाटकाबाहेर खुर्ची टाकायची, आमच्या घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचं आणि लेकीशी गप्पा मारायच्या. अक्का फाटकाच्या आत पायरीवर बसत. साडू मध्ये उभे. सासूबाई दर वेळी विचारत, “जावयबापू, कवा घेताय मला आत?” आणि साडू दर वेळी म्हणत, “थोडं ऱ्हायलंय, मामी.” दोघांचाही हट्ट तोलामोलाचा होता, त्यामुळं आम्हाला त्यात गंमत वाटायची.

मग डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे ती किती दिवस पुरेल याचा भरवसा नाही. माझी बायको त्याच दिवशी साडूंकडं गेली. म्हणाली, “दाजी, घालून टाका पूजा. तिला घर बघू दे.” साडूंनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, “अजून दोन वर्षांचं हाय. पर मी लवकर फेडतो.” त्यांनी रविवारची ड्यूटी मागून घेतली. चहा सोडला. गोदामावर चालत जायला लागले, त्यामुळं पुलावरचा उतारही त्यांच्या उपयोगाचा राहिला नाही. सोळा महिन्यांत कर्ज संपलं. कागदपत्रं त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणली.

त्या दिवशी पूजा घातली असती तरी चाललं असतं. पण उताऱ्यावर बँकेचं नाव अजून होतंच. साडूंचं म्हणणं, नाव गेल्याशिवाय बोजा गेला नाही. सरकारी कचेरीत अर्ज दिला, दाखले जोडले, साहेब रजेवर गेले, साहेब बदलले. या सगळ्यात आणखी तीन महिने गेले. कोरा उतारा हातात पडला तोवर सासूबाईंना उजेड आणि अंधार यापलीकडं काही कळत नव्हतं.

वास्तुशांत थाटात झाली. तीनशे पानं उठली, जिलबी होती, नवे टॉवेल होते. पूजा झाल्यावर साडूंनी सासूबाईंना स्वतः हात धरून उंबऱ्याच्या आत घेतलं आणि खोली खोली फिरवली. इथं देव्हारा, इथं खिडकी, इथं अक्काचा ओटा. सासूबाई भिंतीवरून हात फिरवत होत्या. “रंग कुठला दिलाय?” त्यांनी विचारलं. साडू म्हणाले, “पिवळा, मामी. तुमास्नी आवडतो तसला.” सासूबाईंनी भिंतीला तळवा लावून ठेवला. “लय मोठं घर बांधलंय,” त्या म्हणाल्या. त्या तीन खोल्या त्यांना मोठ्या वाटल्या, कारण एक एक पाऊल टाकत फिरायला त्यांना अर्धा तास लागला होता.

पंगती उठल्यावर साडू मला गच्चीवर घेऊन गेले. मला वाटलं, कर्जमुक्तीबद्दल काहीतरी बोलतील, आणि मी थट्टेचं एक वाक्यही तयार ठेवलं होतं. ते कठड्याला हात टेकून उभे राहिले. खाली अक्का आईला जिलबीचा तुकडा भरवत होत्या.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “बँकेनं वीस वर्षं दिली हुती. तिला काय घाई न्हवती.”

ते खाली सासूबाईंकडं बघत होते.

“मीच घाई केली, आन् तीबी बँकेसाठी. घाई हुती ती मामींच्या डोळ्यांस्नी.”

नऊ वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जितकी माया वाटली तितकी सख्ख्या भावाबद्दलही कधी वाटली नाही. पण तसं बोलायची आमच्यात रीत नाही. मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळानं खालून सासूबाईंनी हाक मारली, “जावयबापू, कुठं हाय तुमी?” तसे साडू “आलो, मामी” म्हणत भराभर जिना उतरून गेले.