मागे वळलं की फाऊल

“खो-खोमुळे या मुलींना वाईट सवयी लागल्यात,” असं निखिल सरांनी प्राचार्यांना सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी आवाज न करता बशीत ठेवला. नोकरीत मी जे काही संयमाचे पराक्रम केले, त्यात हा फार वरचा.

दोन हजार आठ-नऊचा सुमार होता. मी बदलापूरच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षिका होते. खो-खो हा माझा खेळ. त्याआधीच्या कितीतरी वर्षांत आमच्या मुलींचा संघ जिल्ह्यात नावाजलेला होता, आणि तो मी बांधला होता. मांजर्लीच्या, हेंद्रेपाड्याच्या, आजूबाजूच्या गावांतल्या मुली. घरचं पाणी भरून, भाकऱ्या थापून यायच्या आणि वाऱ्यासारख्या पळायच्या.

निखिल हा अंबरनाथचा मुलगा. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला आला होता. आधी बंगळुरूला नोकरी करत होता, तिथून हा अल्टिमेट फ्रिस्बी नावाचा खेळ घेऊन आला. बघता बघता माझ्या निम्म्या मुली त्याच्याकडे गेल्या. का नाही जाणार? या खेळात मुलं-मुली एकाच टीममध्ये खेळतात, अंपायर नसतो, फाऊल झाला तर आपापसात बोलून मिटवायचा. शिवाय सर स्वतः सोबत पळतात, टीमला टी-शर्ट छापून देतात. एका पेपरच्या लोकल पानावर त्यांचा फोटोही आला. माझ्या संघाने एवढ्या ढाली आणल्या, आमचा फोटो फक्त कॉलेजच्या वार्षिक अंकात, तोही शेवटून दुसऱ्या पानावर.

मला मत्सर वाटत होता. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. एकदा उल्हासनगरला साड्यांना फॉल लावायला गेले होते, तर एका दुकानातून गुपचूप एक प्लास्टिकची डिस्क, म्हणजे त्या खेळात फेकतात ती चपटी थाळी, विकत घेतली. दुकानदार म्हणाला, “बच्चे के लिए है ना, मॅडम?” मी हो म्हणाले. आमच्या गच्चीवर फेकून बघितली. ती सरळ शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवर जाऊन बसली. ती मागायला मी गेले नाही.

खेळ समजून घेतला मात्र. ज्याच्या हातात डिस्क आहे, त्याने पळायचं नाही. समोर उभा असलेला विरोधी खेळाडू मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजतो, तेवढ्यात डिस्क कोणाला तरी द्यायची. खाली पडली, बाहेर गेली किंवा आकडे संपले, की डिस्क दुसऱ्या टीमची. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेलली की पॉइंट. चढाईसाठी बाकीचे खेळाडू मैदानाच्या मधोमध एका रांगेत उभे राहतात, त्याला स्टॅक म्हणतात. त्यातून एकेकाने अचानक मोकळ्या बाजूला पळायचं, तो कट. नाही मिळाली डिस्क, तर रेंगाळायचं नाही, जागा रिकामी करून परत रांगेत यायचं. ती रांग बघून मला आधी वाटलं, ही यांनी आमच्याकडूनच उचलली. तसं नव्हतं, पण काही दिवस मी तसं स्टाफरूममध्ये म्हणत होते.

आता अडचण काय होती, ते सांगते. पुढे सगळे वाट अडवून उभे असतील, तर डिस्क मागे द्यायची असते. फेकणाऱ्याच्या मागे आपला एक भरवशाचा खेळाडू उभा असतो, हँडलर. त्याच्याकडे छोटा पास. याला डंप म्हणतात. हँडलर मग डिस्क मैदानाच्या दुसऱ्या बाजूला फिरवतो, कारण सगळी गर्दी या बाजूला जमलेली असते आणि तिकडे मोकळं रान असतं. अर्धी चढाई या मागच्या पासवर उभी असते. आणि नेमका तोच पास आमच्या मुली देत नव्हत्या. साइडलाइनला अडकल्या तरी पुढेच फेकायच्या आणि डिस्क घालवायच्या. मुलांचं तसं होत नव्हतं, फक्त मुलींचं. निखिलने प्रॅक्टिसमध्ये घसा कोरडा केला, फळ्यावर बाण काढले. मुली मान डोलवायच्या आणि मॅचमध्ये परत तेच.

म्हणून ते खो-खोचं वाक्य. प्राचार्य पाटकर सरांनी ते ऐकलं आणि मूळ मुद्द्यावर आले. कॉलेजच्या नव्या बिल्डिंगची वाळू-खडी पडल्यामुळे अर्धं मैदान गेलं होतं. संध्याकाळी एकच खेळ मावत होता.

“उल्हासनगरची टुर्नामेंट होऊ दे,” ते म्हणाले. “फ्रिस्बीवाले जिंकले, तर संध्याकाळ त्यांची. नाहीतर जाधव मॅडमचा खो-खो आहेच.”

आहेच म्हणे. संध्याकाळ गेली तर खो-खोला सकाळच उरणार होती. माझ्या मुलींना सकाळी वेळ नव्हता, हे पाटकर सरांना ठाऊक होतं. सकाळी म्हणजे संघ मोडला.

टुर्नामेंटला मला टीमसोबत पाठवलं, मुली आहेत म्हणून. म्हणजे माझं मैदान घालवणाऱ्या टीमच्या पाण्याच्या बाटल्या मीच सांभाळायच्या. मी साइडलाइनला उभी राहिले आणि मनातल्या मनात त्यांच्या हरण्याची वाट बघू लागले. पहिल्या मॅचेस सोप्या होत्या, त्या निघाल्या. फायनल उल्हासनगरच्याच एका कॉलेजशी लागली. त्यांचा कॅप्टन सिंधी मुलगा होता, उंच, हुशार. त्याने पाचेक मिनिटांतच आमचं दुखणं ओळखलं. आपल्या पोरांना म्हणाला, “साइड में धकेलो. ये लोग पीछे नहीं देते.”

झालं. प्रत्येक वेळी आमच्या मुलीला कडेला दाबायचं, पुढची वाट बंद करायची आणि आकडे मोजत राहायचं. सारिका आमची सगळ्यात चपळ मुलगी, माझ्या खो-खोची कॅप्टन. तिच्या मागे ओंकार हा हँडलर मोकळा उभा राहून हाका मारत होता. ती क्षणभर थांबायची, मान वर करायची आणि डिस्क पुढे गर्दीत भिरकावायची. हाफटाइमला आम्ही चांगलेच मागे होतो. फायनल बघायला आलेल्या पाटकर सरांनी मांडवात बसून घड्याळ बघितलं. मला बरं वाटलं.

तेवढ्यात निखिल टीम सोडून माझ्याकडे आला.

“मॅडम, एक विचारू? सारिका पास द्यायच्या आधी तुमच्याकडे का बघते?”

“कुठे बघते?”

“बघते. खो-खोच्या सगळ्याच बघतात. सकाळपासून बघतोय मी.”

माझ्या एकदम लक्षात आलं, आणि आधी काय वाटलं असेल तर राग. हे याला दिसलं आणि मला नाही.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. खांदा जरी मागे वळला तरी पंच शिट्टी मारतात. हे अंगात भिनायला वर्षं जातात. मी प्रॅक्टिसमध्ये मागे वळणाऱ्या मुलीला मैदानाला फेरी मारायला लावायचे, वर बोलायचेही. पुढची वाट बंद असताना मागे जायचं नाही, हे त्या मुलींच्या पायात मी घातलं होतं. आणि आता मीच साइडलाइनला उभी होते. निखिलचं त्यांना कळत होतं, पण माझ्या डोळ्यांदेखत त्यांची छाती होत नव्हती.

“तुम्ही सांगा ना त्यांना,” तो म्हणाला. “माझं ऐकतात, पण घाबरतात तुम्हाला.”

“सांगितलं आणि जिंकलात, तर ग्राउंड तुझं.”

त्याने एकदा मैदानाकडे बघितलं. “हो,” म्हणाला. “तसंच होईल.”

नाही म्हणाला असता, गोड काहीतरी बोलला असता, तर मी तिथेच विषय संपवला असता. खरं बोलला, त्यामुळे जास्तच चिडले. तडक बाटल्या भरायला निघून गेले.

दुसऱ्या हाफला मुलांनी दोन-तीन पॉइंट ओढून काढले. फरक कमी झाला. मग सारिका अडकली, नेमकी माझ्या समोर, हात लांब केला असता तर लागली असती इतकी जवळ. तो सिंधी कॅप्टन तिच्यासमोर दोन्ही हात पसरून मोजत होता, फाइव्ह, सिक्स. ओंकार मागे मोकळा. सारिकाने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, मॅच हरण्याची नव्हे, माझी. एवढ्या वर्षांत मी ती भीती शिस्त म्हणून मिरवली होती. मला निखिल हरायला हवा होता, अगदी मनापासून. पण ही पोर माझ्या तोंडाकडे बघत हरणार होती, आणि ते मला बघवेना.

“मागे दे, सारिका,” मी म्हणाले.

तिला खरं वाटलं नाही.

“अगं, मी सांगतेय ना? मागे दे.”

तिने दिली. ओंकारने डिस्क मैदानाच्या पलीकडे फिरवली. तिकडे कोणी नव्हतंच. पॉइंट झाला. त्यानंतर माझ्या सगळ्या मुली मागे पास द्यायला लागल्या, नको तिथेही. उल्हासनगरच्या पोरांना कळेना की यांना पाणी पिऊन काय झालं. शेवटच्या पॉइंटवर आम्ही जिंकलो.

पाटकर सर मांडवातून धावत आले आणि निखिलचा हात हातात घेऊन म्हणाले, “हाफटाइमनंतर काय स्ट्रॅटेजी बदललीत हो, सर!” निखिल म्हणाला, “मी नाही, मॅडमनी बदलली.” सरांनी त्याच्या विनयाचं कौतुक केलं. श्रेय मला देऊनसुद्धा तोच मोठा झाला. याला काय करणार?

संध्याकाळचं मैदान फ्रिस्बीला गेलं. खो-खो सकाळी आला आणि निम्म्या मुली सुटल्या. उरलेल्यांना घेऊन जिल्ह्याला गेले, तर सारिका ऐन पाठलागात गर्रकन मागे वळली. शिट्टी वाजली. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर.  मैदानाला फेरी मार, असं तिला म्हणायला मला तोंडच राहिलं नव्हतं.

आमच्या धंद्यातला धडा एवढाच, की खेळाडूला मागचं शिकलेलं विसरायला लावलंत, तर तो तुम्हाला सोयीचं असेल तेवढंच विसरेल, असं होत नाही.

दोन वर्षांनी निखिलला पुण्यात चांगली नोकरी लागली. निरोपसमारंभात मी त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलले, त्यातले तीन खरे होते. दुसऱ्या दिवशी पाटकर सरांनी संध्याकाळचं मैदान मला परत दिलं. मी चुन्याने खो-खोच्या रेषा आखल्या, खांब रोवले, शिट्टी गळ्यात अडकवली. मुली आल्या, खांबांना वळसा घालून पलीकडे गेल्या आणि मधोमध स्टॅक लावून डिस्कची वाट बघत उभ्या राहिल्या.

डिस्क कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी थोडा वेळ उभी राहिले. मग जाऊन कपाट उघडलं.