मोडक्या नानकटाया

मैत्रिणींनो, मंडळाच्या वहीत आजचेच लिहिते. सकाळी दिवाळीसाठी पीठ मळले आणि नव्या पेठेतल्या बेकरीत नेऊन नानकटाया भाजून आणल्या. पाठ अगदी भरून आली आहे.

दुपारी अनाथाश्रमातल्या मुलांसाठी डबा भरत होते. भांडी घासता घासता आमच्या गंगूबाई म्हणाल्या, "बाई, मोडक्या तेवढ्या पोरांना व्हय?"

माझ्या लक्षातच आले नव्हते. म्हटले, "चव तीच असते हो."

"मग तुमच्या पावण्यांना द्या की!"

मी डबा रिकामा करून अख्ख्या नानकटाया भरल्या. संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांनी मोडक्या मुकाट्याने खाल्ल्या.

गेल्या दिवाळीत गंगूबाई आमच्याकडे नव्हत्या. तेव्हा मी आश्रमाच्या डब्यात काय भरले होते, ते आठवत नाही. तुम्हाला तुमच्या डब्याचे आठवते का?